स्वमग्न मुलासाठी नाशिकमध्ये शिक्षक आणि आधार कसा शोधावा : पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

माझा मुलगा १६ वर्षांचा आहे, स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे, आणि आम्ही इंदिरानगरला राहतो. ओळखीतून ओळख निघते आणि महिन्याला तीन-चार आया किंवा बाबा फोन करतात. सुरुवात बहुतेक एकाच वाक्याने होते : "ताई, एखादा चांगला टीचर सांगा ना." नुसतं नाव सांगून फोन ठेवता येत नाही, कारण माझ्या मुलाला जमलेली शिक्षिका तुमच्या मुलाला जमेलच असं नाही. मग अर्धा-पाऊण तास बोलणं होतं. ते बोलणं इथे लिहून काढलं आहे.

अजून निदान झालेलं नाही. नुसती शंका आहे. कुठे जाऊ?

आधी कान तपासून घ्या. हाक मारल्यावर वळत नाही, याचं कारण ऐकू न येणं असू शकतं. ते आधी बाजूला काढलं की पुढचा मार्ग सोपा होतो. मग बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट शब्दांत सांगा : बोट दाखवून वस्तू मागत नाही, नजर देत नाही, आलेले शब्द गेले, एकच खेळ तासन्‌तास खेळतो. "जरा हट्टी आहे" असं मोघम बोललात तर तेही "मोठा झाला की सुधारेल" म्हणतील.

सरकारी मार्गही आहे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्यांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. शंका असलेल्या मुलांना पुढे जिल्हा स्तरावरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. त्यासाठी त्र्यंबक नाक्याजवळच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चौकशी करा. निदानासाठी आपल्याकडे इसा ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे असतात आणि ७० किंवा त्याहून जास्त गुण आले तर स्वमग्नता धरली जाते. तिच्यातली बरीचशी उत्तरं पालकांकडूनच घेतात, म्हणून जाताना घरातले दोन-तीन साधे व्हिडिओ सोबत न्या. नव्या जागेत मूल वेगळंच वागतं.

"मुलगे उशिराच बोलतात", "याचे बाबाही पाच वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते" ही वाक्यं प्रत्येक घरात ऐकायला मिळतात. माझ्या सासूबाईही प्रेमानेच म्हणाल्या होत्या. त्यात आमचं एक वर्ष गेलं.

थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर, ट्यूटर, शॅडो टीचर... यातलं नेमकं कोण हवं?

स्पीच थेरपिस्ट बोलणं आणि संवाद पाहतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे ओटी, हातांचं काम, तोल, आवाज-स्पर्श सहन न होणं आणि रोजची कामं पाहतात. स्पेशल एज्युकेटर मुलाला झेपेल अशा पद्धतीने अभ्यास आणि दैनंदिन कौशल्यं शिकवतात. शॅडो टीचर वर्गात मुलाजवळ बसतात. ट्यूटर म्हणजे घरी येऊन शाळेचा अभ्यास घेणारे.

मूल तीन-चार वर्षांचं असेल तर ट्यूटर नकोच. अक्षरं थांबू शकतात. "पाणी हवं", "नको", "दुखतंय" हे कळवता येणं थांबू शकत नाही. शाळेत जाणारं मूल असेल तर चांगला स्पेशल एज्युकेटर शोधा. तो मिळाला नाही, तर मायाळू, शिकायची तयारी असलेली साधी शिकवणीची बाईसुद्धा चालते, पण तिला महिन्यातून एकदा तरी जाणकाराचं मार्गदर्शन मिळायला हवं.

पदवी खरी आहे हे कसं तपासू?

विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. तिथल्या नोंदणी क्रमांकाला सीआरआर नंबर म्हणतात. सरळ विचारा : "आपला सीआरआर नंबर काय?" खरा माणूस रागावत नाही. ओटींचा नंबर आरसीआयच्या यादीत सापडला नाही तर घाबरू नका, महाराष्ट्रात त्यांची नोंदणी वेगळ्या परिषदेकडे होते. आठवड्याभराच्या ऑनलाइन कोर्सचं रंगीत प्रमाणपत्र भिंतीवर असेल, तर ती पदवी नव्हे.

नाशिकमध्ये शोधायचं कुठे?

इंटरनेटवर पहिल्या येणाऱ्या जाहिरातीपासून सुरुवात करू नका. विशेष शाळांपासून करा. आपल्या शहरात हे काम जुनं आहे. रजनीताई लिमये यांनी स्वतःच्या मुलाच्या गरजेतून १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं. ती शाळा मुळात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी आहे, म्हणून तुमचं मूल तिथे बसेलच असं नाही. पण अशा शाळांमधल्या शिक्षकांना शहरात कोण काय करतं हे ठाऊक असतं. निवृत्त झालेल्या, पण तास-दोन तास द्यायला तयार असलेल्या बाईही तिथूनच कळतात.

दुसरं ठिकाण म्हणजे तुमच्या भागातलं समग्र शिक्षाचं, म्हणजे सरकारच्या शालेय शिक्षण योजनेचं, गट किंवा शहर साधन केंद्र. सरकारी आणि महापालिकेच्या शाळांतल्या दिव्यांग मुलांसाठी तिथे विशेष शिक्षक नेमलेले असतात. मूल महापालिकेच्या शाळेत असेल तर त्यांची मदत मागणं हा तुमचा हक्क आहे. विशेष शिक्षणाची पदविका किंवा बीएड करणारे विद्यार्थीही विचारात घ्या. अनुभव कमी असतो, पण उत्साह आणि ताजं शिक्षण असतं.

आणि सगळ्यात भरवशाचं ठिकाण म्हणजे थेरपी सेंटरच्या बाहेरचं बाकडं. तिथे बसलेली आई जे सांगेल ते कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं. मला आजवर मिळालेल्या तीन चांगल्या शिक्षकांपैकी दोघांची नावं त्या बाकड्यावर कळली.

पहिल्या भेटीत काय विचारू?

आधी ते काय विचारतात ते ऐका. "कितवीत आहे? कुठल्या बोर्डाचा?" एवढ्यावर जे थांबतात ते अभ्यासक्रम शिकवतील. "त्याला काय आवडतं? कशाने घाबरतो? काही हवं असलं की तुम्हाला कसं कळवतो? झोप कशी आहे?" असं जे विचारतात ते तुमच्या मुलाला शिकवतील.

मग तुमचे प्रश्न. पुढच्या तीन महिन्यांत नेमकं काय साधायचं आहे, ते एका कागदावर लिहून द्याल का? "लक्ष वाढेल, सुधारणा होईल" असं नको. "दहा मिनिटं एका जागी बसून दोन वस्तूंतली एक बोट दाखवून निवडेल" असं हवं. मूल चिडलं, डोकं आपटायला लागलं तर काय कराल? ओरडणं, हात धरून खाली दाबून बसवणं, अंधाऱ्या खोलीत ठेवणं, खाऊ हिसकावणं यातलं काहीही उत्तरात आलं तर तिथून उठा. शिस्त लागते असं ते म्हणतील, आजूबाजूचे चार जण माना डोलावतील, तरी उठा. आणि विचारा : आम्ही घरी रोज काय करायचं?

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा : मी आत बसू का?

ते म्हणतात, आई असली की मूल रडतं, बाहेर बसा. बरोबर आहे का?

पहिले दोन-चार दिवस कधी कधी बरोबर असतं. कायमचं असेल तर नाही. इथे मी थोडं सविस्तर सांगते.

मुलगा चार वर्षांचा असताना आम्ही त्याला एका सेंटरमध्ये घातलं. दार बंद व्हायचं, पाऊण तासाने उघडायचं, आणि वहीत लिहिलेलं असायचं : "आज छान बसला." आठ महिने मी ती वही जपून ठेवली. एका पावसाळी दुपारी रिक्षा लवकर मिळाली म्हणून वेळेआधी पोचले आणि खिडकीतून दिसलं, तो एकटाच एका कोपऱ्यात तेच तीन ठोकळे लावत बसला होता. छान बसला होता, खरंच. त्याच्याशी कोणीच बोलत नव्हतं. मी कोणाशी भांडले नाही. घरी येऊन खूप रडले, आणि आठ महिने आत का डोकावलं नाही याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

नंतर ज्या बाई मिळाल्या त्या पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या. त्याला तेव्हा मसूर डाळ एका डब्यातून दुसऱ्यात ओतायचा नाद होता, आणि मी तो मोडायच्या मागे होते. बाईंनी वीस मिनिटं नुसतं पाहिलं. मग एक वाटी पुढे केली आणि थांबल्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "दे?" आणि त्याने डाळ ओतली. "अजून" हा त्याचा पहिला शब्द त्या डाळीतून आला, दोन महिन्यांनी. मी तिथेच पोळ्या लाटत होते, म्हणून बाई गेल्यावर संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सकाळी, आजीच्या घरी मी तेच करू शकले. आठवड्यातल्या तीन तासांचे असे कितीतरी तास झाले.

शिक्षक आठवड्यातून तीन तास भेटतो. उरलेला सगळा आठवडा मूल तुमच्याजवळ असतं. म्हणून जो तुम्हाला आत घेतो, शिकवतो, चुकलात तर सांगतो, तोच निवडा, मग त्याच्याकडे यंत्रं-झोपाळे कमी असले तरी चालतील. आत बसणं शक्यच नसेल तर काच, कॅमेरा किंवा आठवड्याचा छोटा व्हिडिओ मागा.

आवडीच्या गोष्टींतून शिकवायचं म्हणजे लाड नाहीत का?

नाहीत. आमच्या मुलाने अक्षरं पुस्तकातून शिकली नाहीत, बसच्या पाट्यांवरून शिकली. सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, जाऊन उभं राहायचं आणि पाट्या पाहायच्या. सातपूर, पंचवटी, नाशिकरोड, त्र्यंबकेश्वर. "त्र्यं" हे जोडाक्षर त्याला "कमळ"च्या आधी वाचता आलं. बसच्या नंबरांवरून आकडे आले, वेळापत्रकावरून घड्याळ आलं. तुमच्या मुलाला पंखे आवडत असतील तर पंख्यापासून सुरू करा.

आठवड्याला किती तास, आणि पैसे किती द्यायचे?

तासांचा कुठलाही जादूचा आकडा नाही. दुपारभर तीन सेंटरं फिरवून मूल रिक्षातच झोपत असेल तर तास जास्त झालेत. फी शहराच्या भागाप्रमाणे आणि माणसाप्रमाणे बदलते. तीन ठिकाणी विचारल्याशिवाय होकार देऊ नका, आणि वर्षाची फी एकदम भरू नका, कितीही सवलत दिली तरी. महिन्याची भरा, पावती घ्या, मूल आजारी पडलं तर तास पुढे मिळेल का ते आधीच ठरवा. पैसे कमी असतील तर आठवड्याला एकच तास घ्या, पण त्यातला अर्धा वेळ तुमचं शिक्षण व्हावं असं सांगा.

सगळे म्हणतात घरी फक्त इंग्रजी बोला. खरं आहे का?

नाही. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलाचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासात आढळलेलं नाही. आजी-आजोबा ज्या भाषेत जवळ घेतात, कढी वाढताना ज्या भाषेत "अजून हवी?" विचारलं जातं, ती भाषा त्याच्यापासून तोडू नका. मोडक्या इंग्रजीत आई निम्मंच बोलते, आणि मुलाला तर जास्तीत जास्त बोलणारं माणूस हवं असतं. शिक्षिकेला स्पष्ट सांगा की शिकवणी मराठीत हवी. शाळेचे इंग्रजी शब्द नंतर जोडता येतात.

चित्रं किंवा टॅब देऊन संवाद शिकवला तर तो बोलायचंच सोडेल का?

ही भीती मलाही होती. उलट चित्रांनी मागता यायला लागलं की चिडचिड उतरते, आणि त्यामुळे कुणाचं बोलणं थांबल्याचं दिसत नाही. महागडं काही घेण्याआधी घरातल्या वस्तूंचे फोटो काढून पुठ्ठ्यावर चिकटवा : पाण्याचा तांब्या, चप्पल, संडास, गाडी. मोबाइलवर जेलो नावाचं अ‍ॅप आहे. ते आयआयटी मुंबईत तयार झालं, मोफत आहे आणि मराठीत चालतं.

शाळा म्हणते, "आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही." आता?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये स्वमग्नता ही २१ दिव्यांगत्वांपैकी एक म्हणून नोंदलेली आहे. सरकारी आणि सरकारमान्य शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि गरजेप्रमाणे सोय करायची, असं त्यात आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर जवळच्या सरकारी शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. नकार लेखी मागा. लेखी मागितलं की बरेचदा सूर बदलतो. नाही बदलला तर महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे जा.

पण माझं मत विचाराल तर, नाइलाजाने घेणाऱ्या मोठ्या नावाच्या शाळेपेक्षा मनापासून घेणारी लहान, कमी पटाची मराठी शाळा शंभर पटीने बरी. मुख्याध्यापकांशी नंतर बोला. आधी वर्गशिक्षिकेला भेटा, दिवस तिच्याबरोबर जाणार आहे.

दहावीचं काय?

राज्य मंडळात वाढीव वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती आहेत. प्रस्ताव शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातो, त्यामुळे नववीतच शाळेच्या मागे लागा. ते जमणार नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस आहे. विषय निवडता येतात, एकेक करून परीक्षा देता येते. आमचा तिकडेच आहे. यंदा गृहविज्ञान आणि चित्रकला.

कोणते सरकारी कागद करून ठेवू?

पहिलं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. कार्डावर पांढरी पट्टी म्हणजे ४० टक्क्यांखाली, पिवळी ४० ते ७९, निळी ८० आणि वर. लहान मुलांना अनेकदा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, त्यावरची मुदत पाहून ठेवा.

दुसरं, नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण, वयाची अट नाही, आधीची वैद्यकीय तपासणी नाही, आणि ठरलेल्या मर्यादेत थेरपीचा खर्चही मिळतो. पावत्या गोळा करण्याची सवय आजपासून लावा. दरवर्षी नूतनीकरण करायचं विसरू नका, आम्ही एकदा विसरलो होतो.

नोकरी करणाऱ्यांनी आयकराची जुनी पद्धत निवडली असेल तर दिव्यांग अवलंबितासाठी ७५,००० रुपये, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपये वजावट मिळते. शिवाय महापालिका आणि ग्रामपंचायतींना दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवावा लागतो. त्यातून आपल्याकडे यंदा काय मिळतं ते जाऊन विचारा. कोणी घरी येऊन सांगत नाही.

एकाने स्टेम सेलने पूर्ण बरा करतो म्हटलंय. करू का?

नका करू. नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्येच स्टेम सेल हा स्वमग्नतेवरचा उपचार म्हणून सुचवता येत नाही असं स्पष्ट केलं आहे. शरीरातले धातू काढण्याची औषधं तर जिवावर बेतू शकतात. लसीमुळे स्वमग्नता येते असं सांगणारा १९९८ चा शोधनिबंध २०१० मध्ये नियतकालिकाने मागे घेतला, तेव्हा धाकट्याची लस थांबवू नका. जमीन विकून, दागिने मोडून असे उपचार करून आलेली घरं मी पाहिली आहेत. त्यांना मी कधीच नावं ठेवणार नाही. लेकराने एकदा "आई" म्हणावं म्हणून माणूस काय करणार नाही?

नाशिक ढोल, राहाड, मिरवणुका... सणांत काय करता?

आपल्या शहराला ढोलाचा अभिमान आहे आणि आमच्या मुलाला त्या ढोलाने उलटी होते. दोन्ही खरं आहे. गणपतीत मिरवणुकीचा मार्ग आधी पाहून ठेवतो, कान झाकणारे इअरमफ सोबत ठेवतो, आणि गल्लीतल्या मंडळाच्या मुलांना आधी भेटतो. गेली चार वर्षं आमच्या बिल्डिंगसमोरून जाताना ते ताशा थांबवतात. हे त्यांनी स्वतःहून सुरू केलं, आम्ही फक्त कारण सांगितलं होतं. रंगपंचमीला जुन्या नाशकात राहाडीकडे, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदाकडे, फिरकत नाही, घरीच बादलीत एक रंग.

सिंहस्थात रस्ते बंद होतील, बस वळवल्या जातील. रोजच्या वाटेवर ज्यांची मुलं अवलंबून आहेत त्यांनी पर्यायी वाट आतापासून आठवड्यातून एकदा दाखवायला सुरुवात करा. शिकवणीच्या बाई पंचवटीतून येत असतील तर त्या काळात व्हिडिओ कॉलवर तास चालेल का, तेही आताच पाहून घ्या.

आम्ही सुरगाण्याकडे राहतो. रोज नाशिकला येणं शक्य नाही.

रोज येऊ नका. महिन्यातून एकदा या, दोन तास घ्या, त्यात तुम्ही शिका, व्हिडिओ काढून न्या. मधल्या आठवड्यांत फोनवर विचारा. अंगणवाडीताईंना सोबत घ्या, शक्य असेल तर एका खेपेला त्यांनाही आणा. शेत, गुरं, विहीर, अंगण हे सगळं तुमच्याकडे आहे, जे शहरातल्या सेंटरमध्ये विकत घ्यावं लागतं.

घरचे मला दोष देतात. मी फार थकले आहे.

हा प्रश्न बहुतेक वेळा फोन ठेवता ठेवता येतो, आवाज खाली करून. बाई, तुमचं काही चुकलेलं नाही. गरोदरपणी मोबाइल पाहिला म्हणून, नोकरी केली म्हणून, ग्रहणात बाहेर पडलात म्हणून हे झालेलं नाही.

नवऱ्याला एकदा तरी शिकवणीत आत बसवा. आमच्याकडे त्या दिवसानंतर वाद कमी झाले. आठवड्यातले दोन तास कोणाकडे तरी मुलाला सोपवा, आणि त्या वेळेत घरकाम करू नका. भावंडं असतील तर त्यांनाही तुमचा एकट्याचा वेळ द्या. माझ्या मुलीने आठवीत असताना विचारलं होतं, "माझ्या वहीत कधी बघणार?" झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आणि आणखी तीन-चार पालक शोधा. संस्था काढायची गरज नाही. आम्ही पाच जणी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी गोदा पार्कला भेटतो. मुलं धावतात, कोणी ओरडलं तरी कोणी वळून बघत नाही. डबे उघडतात, शिक्षकांची नावं, फॉर्मच्या तारखा, कुठला डेंटिस्ट घाई करत नाही, हे सगळं तिथेच कळतं.

आमच्यानंतर त्याचं कसं होणार?

१८ वर्षं पूर्ण झाली की कायद्याने आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. बँक, मालमत्ता, शस्त्रक्रियेची सही, सगळीकडे हे अडतं. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती कायदेशीर पालक नेमते. आईवडिलांनाही अर्ज करावा लागतो. मृत्युपत्र करा, आणि मुलाच्या नावावर थेट पैसे ठेवण्याआधी वकिलांना विचारा.

कामाचं म्हणाल तर, प्रौढ मुलांसाठी कार्यशाळा शोधायला पंधराव्या-सोळाव्या वर्षीच लागा, जागा कमी असतात. आमचा सध्या सकाळी दूध आणतो, सुटे पैसे मोजून घेतो, आणि दुकानदाराने चुकून जास्त दिले तर परत करतो. पालकत्वाच्या अर्जासाठी लागणाऱ्या कागदांची फाइल मी या दिवाळीत लावायला घेतली आहे. तुमचं मूल १६-१७ चं असेल तर फोन करा, कुठला कागद कुठे मिळाला ते सांगते.